जुनं मॉडेल इंजिन पुन्हा रुळावर: खरेदीपासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत

जुनं मॉडेल इंजिन घरी आलं की बहुतेकांचा हात आधी रंगाच्या डबीकडे जातो. माझाही जायचा. चार-पाच इंजिनं वाया घालवल्यावर कळलं की क्रम बरोबर उलटा हवा. आधी मोटर, मग गिअर आणि चाकं, मग बॉडी, आणि रंग द्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी. ‘चालत नाही’ म्हणून विकायला काढलेल्या इंजिनांपैकी कितीतरी फक्त वाळलेल्या तेलाने जाम झालेली असतात. तासाभराच्या साफसफाईवर ती चालायला लागतात.

घेण्याआधी

स्केल आणि गेज हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, ते आधी सुटे करू. स्केल म्हणजे खऱ्या इंजिनाच्या किती पट लहान, आणि गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एचओ स्केल १:८७ आणि गेज १६.५ मिमी. एन १:१६० आणि ९ मिमी. झेड १:२२० आणि ६.५ मिमी. ब्रिटिश ओओचा मामला जरा गमतीचा आहे. इंजिन १:७६, पण रूळ एचओचेच. ब्रिटिश इंजिनं मुळातच अंगाने लहान, त्यामुळे १:८७ मध्ये त्या काळच्या मोटारी मावत नव्हत्या. मग बॉडी मोठी केली आणि रूळ तसेच ठेवले. खऱ्या १४३५ मिमी गेजचे १:७६ मध्ये (नेमकेपणे १:७६.२) १८.८३ मिमी व्हायला हवेत, म्हणून ओओ इंजिन समोरून पाहिलं की पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. हे एकदा डोळ्यांत भरलं की मग कायमचंच.

त्यानंतर वीज कुठून येते ते बघायचं. दोन रुळांवर १२ व्होल्ट डीसी ही सर्वांत रुळलेली पद्धत. पण १९३८ साली आलेली हॉर्नबी डब्लो ही ब्रिटिश ओओ मालिका तीन रुळांची होती. दोन रुळांची डब्लो १९५९ पासून. मार्कलिन या जर्मन कंपनीचं एचओ एसीवर चालतं. रुळांच्या मधोमध बारीक टाचण्यांची रांग असते आणि इंजिनाच्या पोटाखालची सरकपट्टी त्यांवरून घासत वीज घेते. या दोन्ही प्रकारच्या जुन्या इंजिनांची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून इन्सुलेट केलेली नसतात. ती दोन रुळी डीसी ट्रॅकवर ठेवली की सरळ शॉर्ट. इंजिन बंद आहे असं समजून लोक ती उघडतात, आणि खरी चूक रुळांची असते.

आता प्रत्यक्ष तपासणी. इंजिन उलटं करा आणि आधी स्क्रू पाहा. खाचा फाटलेल्या असतील तर कुणीतरी आधी आत जाऊन आलंय, आणि बहुतेक चुकीच्या पेचकसाने. चाकांच्या कडेवरचा मुलामा उडून आतलं पितळ दिसतंय का? तसं असेल तर इंजिन भरपूर धावलेलं आहे. नाक जवळ नेऊन वास घ्या. जळलेल्या वार्निशचा वास मोटर गेल्याचं सांगतो. बॉडीच्या आतल्या बाजूला वेगळ्या रंगाचे शिंतोडे दिसले तर ती पुन्हा रंगवलेली आहे, विकणारा ‘मूळ रंग’ म्हणत असला तरी. खोक्याच्या टोकावरचा क्रमांक आणि आतलं मॉडेल जुळतंय का तेही बघून घ्या.

आणि एक छोटी सरळ पट्टी जवळ ठेवा. ती चॅसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, लावून पाहायची. कारण पुढचा रोग.

जस्ताची कीड

जुन्या ओतीव चॅसिस जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. ओतताना त्यात शिसं किंवा कथील किंचित जरी मिसळलं, तरी वर्षानुवर्षं हवेतल्या दमटपणामुळे धातूच्या कणांच्या सीमेवर गंज चढत राहतो. धातू फुगतो, वाकतो, त्यावर केसासारख्या भेगा उमटतात, आणि एक दिवस बिस्किटासारखा तुटतो. कारखान्यात भट्टीजवळ पडलेले शिशाचे तुकडे चुकून मुशीत गेले तरी एवढी नासाडी व्हायला पुरतं. १९२९ साली अमेरिकेत ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरून झामाक ही मिश्रधातू आली, पण ती शुद्धता सगळीकडे पाळली गेली नाही. त्यामुळे महायुद्धापूर्वीच्या इंजिनांमध्ये ही कीड हमखास भेटते, आणि अगदी अलीकडच्या काही मॉडेलांमध्येसुद्धा.

यावर औषध नाही. गोंद, वार्निश, तेल, काहीही लावा, आतली प्रक्रिया थांबत नाही. कीड लागलेलं इंजिन दुसऱ्याला ‘संसर्ग’ देतं असंही काही जण मानतात, ते खोटं आहे. मात्र फुगलेली चॅसिस आतून दाब देऊन चांगली प्लॅस्टिक बॉडी तडकवते. म्हणून भेगा दिसल्या की बॉडी आणि चॅसिस लगेच वेगळ्या करायच्या आणि नवी चॅसिस शोधायला लागायचं. पट्टी लावल्यावर मधे फट दिसली तर मी इंजिन खाली ठेवतो, ते कितीही देखणं असलं तरी.

टेबलावर काय लागतं

फार काही नाही. मापात बसणारे बारीक पेचकस (चपटे आणि फुलीचे), दोन चिमटे, मल्टिमीटर, मऊ टूथब्रश, लाकडी टूथपिक, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्लॅस्टिकला न खाणारं हलकं मशीन ऑइल, थोडं प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस, आणि टाचणी. इंजिन उलटं टेकवायला स्पंजचा खाचा पाडलेला तुकडा. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरा. स्प्रिंग उडाली तर ती टॉवेलवर अडकते. फरशीवर पडली तर ती गेलीच.

फवारणीचं गंज काढणारं तेल आणि शिलाई मशीनचं जुनं तेल मात्र या टेबलावर येऊ देऊ नका. पहिलं सगळीकडे पसरतं आणि काही प्लॅस्टिक ठिसूळ करतं, दुसरं वाळून डिंक होतं. आज तुम्ही जो डिंक खरवडताय, तो कुणीतरी तीस वर्षांपूर्वी प्रेमाने घातलेलं तेलच आहे.

उघडणं

स्क्रू काढण्याआधी चारही बाजूंनी आणि खालून फोटो. प्रत्येक भाग काढला की आणखी एक फोटो. काढलेले स्क्रू एका कागदावर इंजिनाची बाह्यरेषा काढून त्या-त्या जागी टोचून ठेवायचे, कारण दिसायला सारखे असलेले दोन स्क्रू लांबीला एक मिलिमीटरने वेगळे असतात आणि लांबचा स्क्रू चुकीच्या भोकात गेला की मोटरला भिडतो. प्लॅस्टिकच्या भोकात स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा. ‘टक’ असा हलका धक्का जाणवला की तो जुन्या आट्यांवर बसला. मग सुलटा. असं केलं नाही तर प्रत्येक वेळी नवे आटे पडतात आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला भोक निकामी.

क्लिपवर बसणारी बॉडी ओढायची नसते. बॉडी आणि चॅसिसमध्ये दोन्ही बाजूंना टूथपिक सरकवा, क्लिप सुटते. चावीचं इंजिन असेल तर आधी चावी पूर्ण उतरू द्या. ताणलेली स्प्रिंग मोकळी झाली तर बोट फाटतं.

मोटर: इथे घाई नको

ट्राय-अँग या ब्रिटिश कंपनीच्या एक्स-०४ सारखी जुनी उघडी मोटर समोर धरू. तिच्या एका टोकाला तांब्याचं बोटाच्या पेरापेक्षा लहान नळकांडं आहे, तो कम्युटेटर. त्याचे तीन तुकडे आणि तुकड्यांमध्ये तीन फटी. दोन्ही बाजूंनी कार्बनचे दोन ब्रश त्यावर टेकलेले, आणि त्यांना दाबून धरणारी केसांच्या आकड्यासारखी एकच स्प्रिंग. नीट बघितलंत तर त्या स्प्रिंगच्या एका पायावर बारीकशी इन्सुलेटिंग नळी चढवलेली दिसेल. ती कुठल्या बाजूला आहे याचा फोटो घ्या. ती हरवली किंवा उलट पायावर चढली, तर वीज मोटरमधून न जाता थेट चॅसिसला जाते, आणि तुम्ही रात्रभर शॉर्ट शोधत बसता.

ब्रश काढा. टोक गुळगुळीत आणि किंचित अंतर्वक्र असेल तर उत्तम. स्प्रिंगचा दाब पोचणार नाही इतके झिजले असतील तर जोडीनेच बदला. आता कम्युटेटर. तो काळा असतो, कधी चकचकीत काळा. कापसाच्या काडीवर अल्कोहोलचा थेंब घेऊन, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) बोटाने फिरवत पुसत राहा. पहिल्या तीन-चार काड्या काजळी पुसल्यासारख्या निघतील, मग तांब्याचा गुलाबीपणा दिसू लागेल. सँडपेपर लावायचा नाही. त्याच्या ओरखड्यांत कार्बन पुन्हा लवकर साठतो आणि ब्रश घासले जातात.

मग फटी. टूथपिकचं टोक चपटं करून प्रत्येक फटीतून हळूच ओढा. कार्बन आणि तेलाची काळी पेस्ट दोऱ्यासारखी बाहेर येते. हीच पेस्ट दोन तुकड्यांना आपसात जोडते, मोटर गरम होते आणि ताकद जाते. माझ्या अनुभवात मंद चालणाऱ्या जुन्या मोटारींची निम्मी दुखणी या तीन फटींतच असतात.

मल्टिमीटर ओहमवर लावा. कम्युटेटरच्या तीन तुकड्यांच्या तीन जोड्या होतात. तिन्हींचं वाचन जवळपास सारखं यायला हवं. एखादं वेगळं आलं तर गुंडाळीत शॉर्ट आहे किंवा तार तुटली आहे. तुटलेली तार पुष्कळदा कम्युटेटरजवळच्या टाक्यातच सुटलेली असते, ती पुन्हा झाळता येते. तुकडा आणि मधला दांडा यांच्यात मात्र काहीच जोड दिसता कामा नये.

चुंबक काढू नका. हे वाक्य मी माझ्या पहिल्या एक्स-०४ वर शिकलो. सगळं कसं सुटं-सुटं, स्वच्छ करावं म्हणून चुंबकही काढला आणि आठवडाभर खणात ठेवला. जोडल्यावर इंजिन रिकामं असताना सुसाट पळायचं, पण तीन डबे लावले की चढावर हुंकार देत थांबायचं, आणि मोटरला हात लावला तर चटका. जुने अल्निको चुंबक लोखंडी घेरातून बाहेर काढले की त्यांची शक्ती घटते. काढावाच लागला तर दोन्ही टोकांना जोडणारा मऊ लोखंडाचा तुकडा आधी चिकटवायचा आणि तो तसाच ठेवून चुंबक सरकवायचा. आता अशा मोटारींसाठी निओडिमियमचे चुंबक मिळतात. मी शेवटी तोच बसवला.

नव्या बंद डब्यासारख्या मोटारी उघडण्यासाठी बनलेल्या नसतात; त्या गेल्या की बदलायच्या. कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर तिला जुन्या फीडबॅक कंट्रोलरवर (मोटरचा वेग बघून वीज झटक्यांनी कमी-जास्त करणाऱ्या) चालवू नका, तिच्या नाजूक गुंडाळीला ते धक्के सोसत नाहीत.

तेल सर्वांत शेवटी, आणि थेंबाने नाही. टाचणीचं टोक तेलात बुडवून बेअरिंगला टेकवायचं, तेवढंच. कम्युटेटरच्या बाजूच्या बेअरिंगला त्याहूनही कमी.

गिअर, चाकं आणि रॉड

वर्म (मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गिअर) आणि बाकी गिअरवरचं जुनं ग्रीस टूथब्रश आणि अल्कोहोलने पूर्ण काढा. दातांच्या मुळाशी अडकलेला केस किंवा गालिच्याचा धागा हमखास सापडतो. नायलॉनच्या गिअरला आसाजवळ उभी भेग आहे का ते भिंगातून बघा. इंजिन ठरावीक अंतराने ‘टक… टक…’ करत लंगडत असेल तर कारण बहुतेक हेच. पोलादी आसावर घट्ट दाबून बसवलेलं प्लॅस्टिक कालांतराने आकसतं आणि फाटतं. गोंदाने ते टिकत नाही. गिअर बदला.

वाफेच्या इंजिनांची खरी परीक्षा रॉडमध्ये, म्हणजे चाकांना आपसात जोडणाऱ्या दांड्यांमध्ये, असते. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँक पिन (चाकावरच्या, रॉड अडकवायच्या खुंट्या) एकमेकांशी ९० अंशांवर असायला हव्यात. एखादं चाक आसावर जरासं फिरलं तरी प्रत्येक फेरीत एका जागी इंजिन अडखळतं. तपासायची माझी पद्धत अशी: मोटर किंवा वर्म बाजूला काढा, रॉड तसेच ठेवा, आणि चॅसिस काचेच्या तुकड्यावर ठेवून काच एका बाजूने हळूहळू उचला. चॅसिस स्वतःच्या वजनाने न अडखळता घरंगळली पाहिजे. अडखळली तर रॉड काढून पुन्हा करून बघा. रॉडशिवाय मोकळी असेल तर दोष चाकांच्या कोनात किंवा वाकलेल्या रॉडमध्ये आहे, रॉडशिवायही अडकत असेल तर आसात.

चाकांमधलं आतलं अंतरही मोजा. एचओ आणि ओओमध्ये ते साधारण १४.४ ते १४.५ मिमी असतं. कमी असेल तर इंजिन रूळ बदलण्याच्या सांध्यावर (पॉइंटवर) उडी मारतं.

चाकं साफ करण्याची सोपी युक्ती: दोन्ही रुळांवर आडवा कागदी रुमाल टाका, त्यावर अल्कोहोलचे थेंब टाका. इंजिनाचं एक टोक कागदावर, दुसरं मोकळ्या रुळावर. वीज द्या आणि इंजिन हाताने धरून ठेवा. कागदावरची चाकं जागच्या जागी फिरतात आणि दोन काळे पट्टे उमटतात. मग इंजिन फिरवून दुसरं टोक. रबरी पट्टी चढवलेली चाकं मात्र यातून वगळा. ती पट्टी कडक किंवा सैल झाली असेल तर बदलायचीच असते.

वीज घेणाऱ्या फॉस्फर ब्राँझच्या पट्ट्या चाकाच्या मागे टेकतात. दाब हलका हवा. फार दाबल्या तर त्या ब्रेकचं काम करतात.

सगळं जोडून झालं की दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास, मधल्या वेगात, डबे न जोडता चालवा. तोवर मोटर हाताला सोसवेल इतकीच गरम झाली पाहिजे.

बॉडी: किती करायचं ते आधी ठरवा

इथे माझं मत ठाम आहे. इंजिन दुर्मीळ असेल, मूळ रंगात असेल, तर चार ओरखड्यांसाठी ते पुन्हा रंगवू नका. संग्राहक ओरखडे असलेला मूळ रंग घेतात, चकचकीत नवा रंग नाही. विशेषतः टिनच्या पत्र्यावर छापलेली जुनी इंजिनं. हॉर्नबीची १९२० सालची पहिली चावीची इंजिनं मेकॅनो या जोडखेळण्यासारखी नट-बोल्टने जोडलेली होती, त्यांचा एकेक भाग सुटा होतो. म्हणून ती रंगवण्याचा मोह होतो, आणि म्हणूनच किती तरी बिघडवली गेली. त्यांना कोरडं मऊ फडकं आणि अगदी पातळ मेण पुरे. पाणी नको, पत्र्याच्या घड्यांत जाऊन ते आतून गंज धरतं. जुन्या पत्र्यावरच्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासणं पूर्ण वर्ज्य.

प्लॅस्टिक बॉडी कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून मऊ ब्रशने धुता येते. पाणी खरंच कोमटच हवं. १९५०च्या सुरुवातीच्या काही बॉड्या सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या आणि त्या मुळातच वाकायला टपलेल्या असतात. चिकटवलेले क्रमांक आणि कागदी लेबलं ओली होऊ देऊ नका.

तडा गेला असेल तर पॉलिस्टायरीनला प्लॅस्टिक वितळवणारं सिमेंट ब्रशने फटीत सोडा, ते आपोआप ओढलं जातं. धातूला दोन भागांचं इपॉक्सी. व्हाइट मेटलचे (लवकर वितळणाऱ्या मऊ मिश्रधातूचे) भाग झाळायचे असतील तर साधारण ७० अंशांवर वितळणारं खास सोल्डर आणि तापमान ठरवता येणारं आयर्न लागतं. नेहमीच्या आयर्नने तो भागच थेंब होऊन खाली पडतो.

जुना रंग काढायचाच ठरला तर प्लॅस्टिक बॉडी झाकण असलेल्या डब्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा. आधी आतल्या, न दिसणाऱ्या जागी काडीने लावून अर्धा तास थांबा. अर्ध्या-एक तासाने बाहेर काढून टूथब्रशने घासा, पुन्हा बुडवा. ॲसिटोन किंवा नेलपॉलिश काढण्याचं द्रव्य वापरलं तर रंगाबरोबर बॉडीही जाते. खिडकी उघडी, आसपास ज्योत नाही, हातात मोजे.

रंग

एक हिशेब डोक्यात ठेवा. १:८७ मध्ये ०.१ मिमी जाडीचा थर खऱ्या इंजिनावर जवळपास ९ मिमी जाड झाला. रिव्हेटची रांग याच थराखाली बुजते. म्हणून एअरब्रश, आणि पातळ हात. साधारण १५ ते २० पीएसआय दाब, रंग दुधाइतका पातळ, आणि फवारा बॉडीबाहेर सुरू करून बॉडीबाहेरच थांबवायचा. धातूवर आधी ॲसिड-एच (धातूला किंचित खाऊन पकड घेणारा) प्रायमर, प्लॅस्टिकवर साधा राखाडी. प्रायमर सुकल्यावर सगळे दोष उघडे पडतात. इथे एक दिवस थांबून भराव घालून ओल्या १००० नंबरच्या कागदाने घासलेलं बरं.

दोन रंग असतील तर फिका आधी. मास्किंग टेपची कड लावल्यावर तिच्यावर पहिल्याच रंगाचा एक हलका हात मारा, मग दुसरा रंग. झिरपायचं असेल ते पहिल्याच रंगाचं झिरपतं आणि रेष सुरीने कापल्यासारखी येते. टेप दुसरा रंग पुरता कडक होण्याआधी, मागे दुमडून काढा.

शुद्ध काळा वापरू नका. एवढ्याशा आकारात तो भोकासारखा दिसतो आणि तपशील गिळतो. खूप गडद राखाडी घ्या.

क्रमांक आणि पट्ट्यांसाठी पाण्यातलं डेकल, म्हणजे भिजवून सरकवायची पातळ छापील फिल्म. त्याआधी ग्लॉस वार्निश हवंच. खडबडीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि फिल्म चांदीसारखी चमकत राहते. डेकल कापा, पाण्यात वीस सेकंद, मग ओल्या कागदावर ठेवून वाट पाहा. बोटाने ढकललं आणि ते सरकलं की तयार. बॉडीवर पाण्याचा थेंब, त्यावर डेकल सरकवा, ब्रशने जागेवर आणा, कागदाच्या कोपऱ्याने पाणी टिपा. मग सॉफ्टनर, म्हणजे डेकल मऊ करणारं द्रव. लावल्यावर डेकल सुरकुतेल आणि तुमच्या पोटात गोळा येईल. हात लावू नका. अर्ध्या तासात ते रिव्हेटवर ताणून बसतं. दुसऱ्या दिवशी मॅट किंवा सॅटिन वार्निश.

तपशील भरणं

समोर खऱ्या इंजिनाचे फोटो ठेवल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि फोटो त्याच क्रमांकाच्या इंजिनाचे, त्याच वर्षांचे हवेत. एकाच वर्गाच्या दोन इंजिनांच्या चिमण्या, पायऱ्या, दिवे वेगळे असतात.

सर्वांत जास्त फरक पडतो तो कठड्यांनी. स्वस्त मॉडेलवर ते बॉडीतच उठावदार ओतलेले असतात. नव्या धारदार छिन्नीसारख्या पात्याने, बॉडीला जवळपास समांतर धरून, ते थर-थराने तासा. पातं स्वतःकडे ओढायचं नाही. मग जागा खुणा करून टाचणीने टोचा, म्हणजे ड्रिल घसरणार नाही, आणि हातात फिरवायच्या पिन व्हाइसमध्ये बारीक बिट लावून भोकं पाडा. तारेची जाडी हिशेबानेच घ्या: खऱ्या इंजिनावरचा ३ सेंटीमीटर जाडीचा कठडा १:८७ मध्ये ०.३४ मिमीचा होतो. तार सरळ करायची तर एक टोक चिमट्यात धरून दुसरं पक्कडीने हलकं ताणा, ती किंचित लांबते आणि सुईसारखी सरळ होते. सगळे छोटे खुंट आधी भोकांत नुसते बसवा, तार त्यांतून ओवा, एका रेषेत आणा, आणि गोंद सर्वांत शेवटी, बॉडीच्या आतून.

सुपरग्लू काचांच्या जवळ आणू नका, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक कायमचं धुरकट होतं. खिडक्यांना सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद.

बाकी गोष्टी चटकन उरकतात. ब्रेकच्या नळ्या, दिव्यांचे आकडे, पितळेच्या नावपट्ट्या, कॅबमध्ये ड्रायव्हर आणि फायरमन. टेंडरमधला (इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यातला) प्लॅस्टिकचा कोळसा काढून खरा कोळसा कापडात गुंडाळून हातोडीने फोडा, चाळा, आणि पातळ केलेल्या गोंदावर पसरा. एवढ्या एका बदलाने मॉडेल दहा वर्षांनी नवं वाटतं. समोरच्या बफर बीमवर (टोकाच्या आडव्या पट्टीवर) नळ्या लावताना मात्र कपलिंग (डबा जोडायचा आकडा) वळणावर मोकळं फिरतं का ते आधी बघा. सजवलेलं इंजिन पहिल्याच वळणावर रुळावरून उतरलं की सगळी मेहनत पाण्यात.

वापराच्या खुणा द्यायच्या असतील तर मळ कुठून येतो याचा विचार करा. ब्रेकची तपकिरी धूळ चाकांवर आणि खालच्या भागावर. काजळी चिमणीपासून मागे, कॅबच्या छतावर. सेफ्टी व्हॉल्व्हजवळ आणि इंजेक्टरच्या नळ्यांवर पाण्याच्या क्षारांचे पांढरे ओघळ, ते नेहमी खाली जातात. डिझेलला इंधन भरण्याच्या तोंडाखाली चकचकीत डाग. सगळीकडे सारखाच गंज फासला तर इंजिन मळकं न दिसता नुसतं तपकिरी दिसतं. पातळ वॉश (पाण्यासारखा केलेला रंग), मग कोरडा ब्रश, मग पिगमेंट पावडर. मी ठरवतो त्याच्या अर्ध्यावर थांबतो आणि दुसऱ्या दिवशी उजेडात बघतो.

डिकोडर घालायचा का

डिकोडर म्हणजे रुळांतून येणारे डिजिटल आदेश समजून मोटर आणि दिवे चालवणारी इवलीशी पाटी. संग्राह्य जुन्या इंजिनात नको. रोज पळवायच्या इंजिनात जरूर. पण आधी ते साध्या डीसीवर निर्दोष चाललं पाहिजे. डिकोडर यांत्रिक दोष लपवत नाही. नव्या मॉडेलांत ८ किंवा २१ पिनचं, लहान मॉडेलांत ६ पिनचं किंवा नेक्स्ट-१८ सॉकेट असतं. जुन्यात तारा जोडाव्या लागतात: लाल उजव्या रुळाला, काळी डाव्या रुळाला, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी दिव्यांच्या सामायिक धन टोकाला.

खरा धोका एकच. जुन्या मोटरचा एक ब्रश चॅसिसला जोडलेला असतो. तो पूर्ण सुटा केल्याशिवाय डिकोडर लावला तर पहिल्याच सेकंदाला जळतो. मल्टिमीटरने दोन्ही ब्रशपासून दोन्ही बाजूंच्या चाकांपर्यंत तपासा, कुठेही जोड दिसता कामा नये. तसंच मोटर हाताने रोखून १२ व्होल्टवर क्षणभर करंट मोजा; डिकोडरची क्षमता त्याहून जास्त हवी. पहिली चाचणी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडरच्या सेटिंग बदलायच्या वेगळ्या रुळावर), तिथे करंट मर्यादित असतो. नव्या डिकोडरचा पत्ता, म्हणजे कंट्रोलरवरून त्याला बोलावायचा क्रमांक, ३ असतो.

ठेवणं

जुन्या खोक्यातला स्पंज काढून टाका. पॉलियुरेथेनचा स्पंज वर्षांनी चिकट चुरा होतो आणि रंगाला धरून बसतो. आम्लरहित टिश्यू पेपरमध्ये गुंडाळा, सिलिका जेलची पुडी ठेवा. मऊ पीव्हीसीची पिशवी किंवा वायर प्लॅस्टिक बॉडीला टेकू देऊ नका, त्यातलं मऊ करणारं द्रव्य बॉडी वितळवतं. ऊन, माळा आणि तळघर, तिन्ही टाळा. वर्षातून दोनदा बाहेर काढून दहा मिनिटं पळवा, नाहीतर तेल पुन्हा वाळतं.

काढलेला प्रत्येक मूळ भाग, तुटका असला तरी, छोट्या पाकिटात त्याच खोक्यात. सोबत एक चिठ्ठी: काय बदललं, कोणता रंग, कोणतं तेल, कधी. माझ्या त्या पहिल्या इंजिनाच्या खोक्यातल्या चिठ्ठीवर लिहिलंय, ‘चुंबक काढून ठेवला, कमजोर झाला, नवा घातला. जुना पाकिटात. मोटर चढावर अजून जरा गरम होते.’